हाकेची बाजू, गळाची बाजू

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मला आठवावं लागत नाही. माझ्या आत्याचे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पदवीपर्यंत गेलं नव्हतं, आणि मी गेलो तो तिने मला एका ट्रकमधून खाली ओढलं म्हणून. आज मी सातपूरच्या एका कारखान्यात माल तपासणीचं काम करतो. शनिवारी सुट्टी असते आणि ती कुठे घालवायची ते ठरलेलं असतं. दिंडोरीच्या पुढे एका द्राक्षबागेच्या माथ्यावर काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आहे. त्याच्या काठावर आत्याच्या शेजारी मी गळ टाकून बसतो.

आम्ही मूळचे पेठकडच्या डोंगरातले. भात-नागलीची कामं उरकली की आमची वस्ती मुकादमाच्या गाडीत बसून दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला यायची आणि माल तुटला की परत जायची. आई-वडिलांबरोबर मीही यायचो, त्यामुळे माझी शाळा दरवर्षी मधेच सुटायची. आत्या मात्र परत जात नसे. तिचा नवरा त्या बागेवर राखणदार होता. तो गेल्यावर बागेच्या मालकांनी तिला तिथेच ठेवून घेतलं. पंपाच्या खोलीला लागून दोन खोल्या, पुढे पडवी, आणि मागचा चढ चढून गेलं की तळं.

मी पाचवीत होतो तेव्हा तिने हंगामापुरतं म्हणून मला दिंडोरीच्या शाळेत बसवलं होतं. वार्षिक परीक्षा तोंडावर आली आणि नेमकी तेव्हाच परतीची गाडी आली. सामान चढलं, माणसं चढली, मी माझ्या गाठोड्यावर बसलो. आत्या बागेतून आली. कोणाशी काही न बोलता तिने गाडीच्या फळीवर पाय दिला, माझं गाठोडं धरलं आणि ओढलं. गाठोड्याबरोबर मीही खाली आलो.

"अगं, पोरगं कोणाच्या जिवावर ठेवू इथं?" वडील म्हणाले.

"माझ्या," ती म्हणाली.

वडिलांनी गाडीच्या टपावर थाप मारून निघायला सांगितलं. मी रडत होतो. मला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या तळ्यात मालकांनी कटला, रोहू आणि मृगळ यांची बोटाएवढी पिल्लं सोडली होती. पाण्यातलं शेवाळ आटोक्यात राहील आणि मजुरांना अधूनमधून कालवण होईल, एवढाच त्यांचा विचार. अट एवढीच, की जाळं टाकायचं नाही आणि पाण्यात उतरायचं नाही, कारण जाळ्याला बांधलेल्या शिशाच्या वजनांनी कागद फाटला तर बागेचं वर्षाचं पाणी जमिनीत जिरतं. मासा काढायचा तर गळाने, आणि गळही तळाला टेकू द्यायचा नाही. आमच्याकडे ओहोळात गळ सरळ तळाशी सोडतात आणि दगडात अडकला तर हिसका देतात. इथे हिसका दिला की कागदाला भोक. म्हणून आत्याने जुन्या स्लीपरचा तुकडा कापून त्याचा पाण्यावर तरंगत राहणारा तरंग केला होता आणि तो दोऱ्यावर गळाच्या इतका जवळ बांधला होता की गळ पाण्यात मधल्यामध्ये लोंबावा. तळाशी चरणारा मृगळ त्यामुळे आम्हाला कधीच मिळाला नाही. आत्या म्हणायची, त्याला त्या कागदाचीच पुण्याई लागली.

मालकांच्या अटीशिवाय आत्याची स्वतःची एक अट होती. माशांना खाऊ घालायचं ते पश्चिमेच्या काठावरून. रोज संध्याकाळी ती तिथे तेलाचा रिकामा डबा वाजवायची आणि उरलीसुरली भाकरी, भाताचा कोंडा पाण्यावर टाकायची. डबा वाजला की पाणी आधण आल्यासारखं उसळायचं, कटल्यांची रुंद तोंडं वर यायची. गळ मात्र टाकायचा पूर्वेला, पार समोरच्या काठावर, जिथे मासा येईल तेव्हा येईल.

मी एकदा तिला म्हणालो, गळ इथेच टाकला तर हाताने उचलल्यासारखा मासा मिळेल. मग पलीकडे ताटकळत बसायचं कशाला?

तिने डबा खाली ठेवला. "जेवायला म्हणून हाक मारली ना आपण? मग त्या हाकेला आलेल्याला गळ लावायचा नाय. तिकडं येतो तो आपल्या भुकेनं येतो. त्याचं नशीब त्याच्यापाशी, आपलं आपल्यापाशी."

"माशाला काय कळतंय आत्या."

"मला कळतंय ना. मलाबी एका मुकादमानं जेवणाची हाक मारूनच गाडीत घातलं हुतं."

त्या गाडीचं पुढे काय झालं ते तिने सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. तो नियम मी गृहपाठ पाळावा तसा पाळला. माझा खरा गृहपाठही पूर्वेच्या काठावरच व्हायचा. मांडीवर पुस्तक, एक डोळा तरंगावर. मी धडा मोठ्याने वाचायचा आणि तिने गळ सांभाळायचा. तरंग बुडाला की धडा थांबायचा, मासा झाला की जिथे थांबलो त्याच ओळीपासून पुढे. तिला स्वतःला वाचता येत नव्हतं, पण मी एखादी ओळ गाळली की तिला समजायचं. ती म्हणायची, "आत्ता कायतरी खाल्लंस तू मधलं."

मी कॉलेजसाठी नाशिकला गेलो तेव्हा तिने पत्र पाठवायला सांगितलं. फोनवरचं बोलणं ऐकलं की संपलं, पत्र पुन्हा वाचून घेता येतं, असं तिचं म्हणणं. मालकांच्या आई तिला वाचून दाखवायच्या. तेव्हापासून मी तिला पत्रं लिहितो. माझ्या वयाच्या लोकांत ही सवय कोणाला नाही. मला आहे.

तिचा मुलगा, माझा दादा, माझ्याहून मोठा. शाळा सोडून तो ट्रॅक्टरवर बसला आणि आता नाशिकला भाजीपाल्याचा टेम्पो चालवतो. मला तो नावाने हाक मारत नाही, सायेब म्हणतो. त्यात टोमणा असतो, पण काटा नसतो.

गेल्या दिवाळीनंतर, छाटणी झालेल्या काड्यांवर डोळे फुटायला लागले होते तेव्हा, आत्या पडवीत घमेलं उचलायला वाकली आणि तशीच खाली बसली. अर्धांगवायू. मालकांनी स्वतःच्या गाडीतून नाशिकच्या दवाखान्यात आणलं म्हणून जीव वाचला. घरी परत आली तेव्हा उजवा पाय ओढत का होईना, ती चालत होती. उजवा हात नुसता लोंबत होता. आणि तोंडात एकच शब्द उरला होता. हो.

पाणी हवं? हो. पुरे? हो. दुखतंय? हो. आता बरं वाटतंय? तरीही हो. मानही होकाराचीच हलायची. डॉक्टरांनी समजावलं की तिला बोललेलं बरंचसं समजतं, पण उत्तराचा शब्द मनात असतो तो तोंडात येत नाही, त्याच्या जागी हा येतो. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, होसाठी डावा हात वर करायला लावा. तिने प्रत्येक प्रश्नाला हात वर केला, आणि स्वतःच्या हाताकडे अशी बघत राहिली जसा तो दुसऱ्या कोणाचा असावा. अडलेल्या बैलाकडे बघावं तशी ती स्वतःवर चिडलेली असायची.

वहिनी, म्हणजे दादाची बायको, नाशिकहून येऊन तिच्यापाशी राहिली. ती शिवणकाम करते. मशीन नाशिकच्या खोलीत आणि ती इथे, असं किती दिवस चालणार? दादाने ठरवलं की संक्रांतीनंतर आईला नाशिकला न्यायचं. पेठ रोडला दोन जिन्यांवर त्यांची खोली आहे, दवाखाना जवळ पडतो. मालकांनी सांगितलं की आत्याची जागा तिच्या हयातीपर्यंत तिची आहे, पण तिला एकटी ठेवू नका. दादाचं म्हणणं बरोबर होतं. मलाही ते पटलं होतं.

दादाने तिला विचारलं, "आये, नाशिकला येशील ना आमच्याकडं?"

"हो."

"बघ सायेब, तयार हाय ती."

मी तिच्यासमोर बसलो आणि विचारलं, "आत्या, तुला इथंच राहायचंय का?"

"हो."

दादा हसला, वहिनी हसली, आत्याही अर्ध्या तोंडाने हसली. मग ती हसायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी नाशिकला परतताना बसमध्ये मी मनाशी ठरवलं, हिला नेमकं काय हवंय ते कळल्याशिवाय हिला हलवू द्यायचं नाही. कसं कळणार ते मला ठाऊक नव्हतं. एवढंच ठाऊक होतं की पडवीत बसून ती दिवसभर मागच्या चढाकडे बोट दाखवते. तिथे कुंपणाच्या तारेला तिची कळकाची काठी अडकवलेली होती.

पुढच्या शनिवारी मी तिला तळ्यावर नेलं. वहिनी घाबरली. त्या कागदाचा उतार शेवाळाने असा निसरडा असतो की धडधाकट माणूस आत घसरला तर दोराशिवाय वर येत नाही. म्हणून मी एक दोर आणला, एक टोक आत्याच्या कमरेला आणि दुसरं कुंपणाच्या खांबाला बांधलं. दादा नेमका भाजी उतरवून आला होता. चढावरून आम्हाला बघून तो म्हणाला, "काय सायेब, शेळी चारायला आणली का?"

"हो," आत्या म्हणाली, आणि ती आजारी पडल्यापासून प्रथमच आम्ही सगळे पोट धरून हसलो.

गळ टाकायचं तिचं सगळं कसब उजव्या हातात होतं. डाव्या हाताने काठी फिरवली की गळ कुंपणात जाऊन बसायचा, नाहीतर तिच्या पदरात, एकदा माझ्या सदऱ्याच्या कॉलरमध्ये. मी सोडवून द्यायचो, ती पुन्हा टाकायची. आमिष लावणं तर त्याहून अवघड. नागलीचं पीठ शिजवून केलेली गोळी गळावर दाबून बसवायला दोन हात लागतात. दोन शनिवार तिने ते माझ्याकडून करून घेतलं. तिसऱ्या खेपेला तिने पायातली चप्पल काढली, चपलेच्या तळातल्या चिरेत गळाची दांडी रोवली, टोक वर, आणि डाव्या अंगठ्याने गोळी दाबून बसवली. मी मदतीला हात पुढे केला. तिने तो झटकला.

थंडी पडली होती. दिंडोरीकडची थंडी, सकाळी बागेच्या पानांवर दहिवर गोठल्यासारखं दिसायचं. गार पाण्यात रोहू-कटला सुस्त होतात, खाणं कमी करतात. उन्हं डोक्यावर आल्यावर थोडी आशा असायची. शनिवारमागून शनिवार गेले, एक मासा नाही. वहिनीकडून कळायचं की मी नसताना ती पडवीतही काठी घेऊन बसते आणि अंगणात ठेवलेल्या परातीत गळ टाकायचा सराव करते. सुरुवातीला परातीच्या आसपासही पडत नव्हता. मग कडेवर वाजायला लागला. एका शनिवारी मी पोचलो तेव्हा वहिनी म्हणाली, "भाऊजी, आज सकाळपासून टण टण टण, माझं डोकं उठलंय. सगळे परातीत."

त्या दिवशी तळ्यावर तिचा गळ तिने बघितला तिथेच जाऊन पडला. मी काठीला हात लावायला गेलो तर पुन्हा माझा हात झटकला. तेव्हाही माझ्या काही लक्षात आलं नाही.

संक्रांत झाली. पुढच्याच शनिवारी दादा टेम्पो घेऊन आला. आत्याची वळकटी, पत्र्याची पेटी, दोन भांडी त्यात चढली. मालकांच्या घरून तिळगूळ आला. निघायला अजून अवकाश होता, म्हणून मी म्हणालो, शेवटचं एकदा तळ्यावर बसू दे तिला. दादानेही मान डोलावली. तोही वर आला.

ऊन चांगलं तापलं होतं. आत्याने चपलेच्या चिरेत गळ रोवून गोळी लावली आणि गळ टाकला. स्लीपरचा तुकडा पाण्यावर थरथरला आणि स्थिर झाला. आम्ही बसून राहिलो. दादा उकिडवा बसून तरंगाकडे बघत होता, मधेच घड्याळाकडे. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की त्याला आईसाठी मासा हवा होता, त्या क्षणी टेम्पोपेक्षाही जास्त. शेवटी त्याला राहवलं नाही. तो उठला, पश्चिमेच्या काठावर गेला, खांबाला लटकवलेला तेलाचा डबा काढला, वहिनीने माशांसाठी आणून ठेवलेली भाकरी घेतली आणि सगळं घेऊन आमच्या बाजूला आला. मी काही बोलायच्या आत त्याने डबा वाजवला आणि भाकरीचे तुकडे आत्याच्या तरंगाभोवती फेकले.

मासे आले. समोरच्या काठाखालून पाण्यावर एक सुरकुती उठली आणि सरळ आमच्याकडे चालत आली. मग तोंडं दिसायला लागली, ही रुंद, पांढुरक्या ओठांची. त्यांत एक कटला असा होता की त्याच्या पाठीवर पाणी वळत होतं. मी मोठा झालो तसा तोही मोठा होत गेला असणार. तो भाकरी गिळत गिळत तरंगाकडे सरकला.

"आये, धर नीट," दादा हलक्या आवाजात म्हणाला. "आता घेतो बघ."

"हो," आत्या म्हणाली, आणि तिने काठी वर उचलली. गळ पाण्याबाहेर आला.

"अगं, ठेव पाण्यात. ठेव की."

"हो."

तिने गळ ओढून घेतला, गोळी अंगठ्याने काढून पाण्यात टाकून दिली आणि दोरा काठीला गुंडाळायला लागली. दादाला वाटलं तिचा गोंधळ उडाला. त्याने काठी तिच्या हातातून घेतली, दोरा सोडला, दुसरी गोळी लावली, आणि काठी पुन्हा तिच्या हातात दिली. ती हो म्हणाली. आणि काठी पाठीमागे, कुंपणापाशी, हात पोचेल तितकी लांब ठेवून दिली. मग तिने दादाच्या हातातल्या डब्याकडे बोट केलं आणि नंतर पश्चिमेच्या खांबाकडे. दोनदा. तिसऱ्यांदा तिने हात वर उचलला तो लहान पोराला धपाटा घालायला उचलतात तसा.

मासे भाकरी संपवून पांगले. दादा डबा हातात घेऊन उभा होता.

तेव्हा मला उमगलं. तोंड हो म्हणत होतं आणि हात नाय म्हणत होता, आणि हाताला पक्कं माहीत होतं. प्रश्नाचं उत्तर दे म्हटलं की ती हरवायची. पण काम हातात असलं की हरवत नव्हती. इतके शनिवार ती माझा हात झटकत होती, ते उत्तरच होतं, आणि मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो होतो.

मी दादाला म्हणालो, "आपण तिला तोंडी विचारत होतो. तिला टेम्पोपाशी ने. काही विचारू नकोस."

पश्चिमेला जाऊन त्याने डबा जागेवर लटकवला, आणि आम्ही दोघांनी तिला चढावरून खाली आणलं. वहिनी पदर खोचून टेम्पोपाशी उभी होती. आम्ही तिघे बाजूला झालो. आत्या टेम्पोच्या मागच्या फळीपाशी गेली. मग तिने डाव्या हाताने वळकटीची दोरी धरली आणि ओढली. वळकटी पेटीखाली दाबलेली होती, हलली नाही. तिने पाय टेम्पोच्या चाकाला लावला आणि पुन्हा ओढली. मी पुढे झालो नाही. मला ते गाठोडं आठवत होतं. तिसऱ्या हिसक्याला वळकटी सुटून तिच्या पायांशी पडली आणि तिच्याबरोबर एक भांडंही घरंगळत आलं.

दादाने घरंगळलेलं भांडं उचललं. मग म्हणाला, "मग आधी हो कशाला म्हणालीस?"

"हो," आत्या म्हणाली.

आधी वहिनीला हसू फुटलं. मग दादा टेम्पोत चढला आणि त्याने पेटी उतरवली.

पण हसून प्रश्न सुटत नव्हता. दादा त्या दिवशी रिकामा टेम्पो घेऊन गेला आणि पुढे काही दिवस माझा फोन त्याने उचलला नाही. त्याचा राग चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. आई एकीकडे आणि पोट दुसरीकडे, अशी ओढाताण त्याच्या वाट्याला होती. मी फक्त शनिवारचा माणूस. मी त्याला सांगितलं की आता फक्त शनिवारचा राहणार नाही. शेवटी मार्ग वहिनीने काढला. शिवणयंत्र इकडे आणायचं. बागेत कामाला येणाऱ्या बायकांचे परकर-झंपर शिवायला दिंडोरीला द्यावे लागतात, ते इथेच शिवायचे. दादाने रात्री मुक्कामाला यायचं आणि पहाटे इथूनच भाजी भरून निघायचं. मी सुट्टीच्या आदल्या दिवशी कामावरून सुटलो की थेट इकडे यायचं आणि शनिवारी वहिनीला मोकळं करायचं. मालकांनी पडवीच्या एका बाजूला पत्रा ठोकून दिला. मशीन आलं. आणि मशीन आल्यावर पहिल्याच आठवड्यात वहिनीचा मला फोन आला. त्यावर मी आत्याला हे पत्र पाठवलं. वहिनी वाचून दाखवते.

प्रिय आत्याला,
सा. न.

वहिनीने फोनवर सांगितलं की बुधवारी दुपारी तू रोहू काढलास. डाव्या हाताने, पूर्वेच्या काठावर, डबा न वाजवता. मला न सांगता, हेही तिने सांगितलं. मी कारखान्यात होतो. मशीन चालू होतं म्हणून मला ओरडता आलं नाही, पण शेजारच्याला चहा पाजला. तो म्हणाला, कशाबद्दल? मी म्हणालो, आमच्या घरी एक निकाल लागला.

माझा निकाल लागला तेव्हाही तू रोहूच केला होतास. तेव्हा मला वाटलं होतं मी पास झालो. आता कळतं की पास तू झाली होतीस, मी नुसता पेपर लिहिला होता.

वहिनी, इथे थांबून तिला पाणी दे.

आत्या, तू मला गाडीतून ओढलंस तेव्हा मला विचारलं नव्हतंस. ते बरं केलंस, मी नाही म्हणालो असतो. आम्ही तुला मात्र पुष्कळ विचारलं आणि ऐकलं काहीच नाही. यापुढे मी तुझ्या तोंडाकडे बघणार नाही, हाताकडे बघेन. दादालाही तसंच सांगितलं आहे. तो म्हणाला, सायेब, तिच्या हाताकडे तर मी लहानपणापासून बघतोय, धपाटा कधी येईल म्हणून.

आता एक गोष्ट राहिली आहे. डॉक्टर म्हणतात, महिन्यातून एकदा नाशिकला यावं लागेल, तुझ्या उजव्या हातासाठी आणि बोलण्यासाठी. जायचं आणि त्याच दिवशी परत यायचं. वळकटी न्यायची नाही, पेटी न्यायची नाही. फक्त खुंटीवरची हिरवी पिशवी. दादाचा टेम्पो नेईल, मी बरोबर बसेन आणि संध्याकाळी डबा वाजवायच्या आत तुला परत आणीन. ही जेवणाची हाक नाही आत्या. सुई टोचतील, व्यायाम करायला लावतील, त्याने दुखेल. जे आहे ते सगळं आधीच सांगतो आहे.

तुझी इच्छा असेल तर पिशवी खुंटीवरून काढून दाराशी ठेव. नसेल तर खुंटीवर राहू दे. मी काही विचारणार नाही. पिशवी खुंटीवर दिसली तर सरळ वर तळ्यावर येईन आणि तुझ्या शेजारी बसेन.

आंबे काढायचा झेला, ज्यात तू मासा वर घेतेस, तो फाटला आहे, मासा त्यातून निसटतो. तो वहिनीकडे शिवायला देऊ नकोस, तिच्याकडे झंपर पडले आहेत. मी सुतळी घेऊन येतो.

तुझा भाचा